पाहुण्या जहाजाला जाब

१६ मार्च १९७८ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर ‘अमोको कॅडिझ’ या तेलवाहू जहाजाचे सुकाणू निकामी झाले. वादळी वाऱ्यात जहाज पोर्तसाल गावाजवळच्या खडकांवर आदळले आणि सुमारे २ लाख २० हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. जहाज स्पेनमध्ये बांधलेले, मालक अमेरिकी, कप्तान इटालियन आणि ध्वज लायबेरियाचा. काळवंडला तो किनारा मात्र फ्रान्सचा. मग या जहाजाला जाब विचारायचा कोणी?

समुद्राचा जुना रिवाज सांगतो, ज्याचा ध्वज त्याचा कायदा. पण विसाव्या शतकात मालकांनी करसवलत आणि सैल देखरेख पाहून ध्वज निवडायला सुरुवात केली. अशा ‘सोयीच्या ध्वजां’मुळे कायदा एका देशात नि जहाज दुसऱ्याच समुद्रात, अशी स्थिती झाली. राहता राहिले बंदर. माल उतरवायला जहाजाला कुठेतरी धक्क्याला लागावेच लागते आणि तिथे यजमान देशाची सत्ता चालते.

हे शहाणपण त्याहून जुने आहे. सॅम्युअल प्लिमसोल यांच्या चळवळीमुळे १८७६ साली ब्रिटनने आपल्या जहाजांवर भाररेषा सक्तीची केली. ही रेषा बुडेपर्यंत माल लादणे म्हणजे खलाशांच्या जिवाशी खेळ. पण परदेशी जहाजे त्याच बंदरांतून वाटेल तेवढा माल भरून नेत, अशी ब्रिटिश मालकांची तक्रार होती. अखेर १९०६ च्या कायद्याने हा नियम ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही लागू झाला. माणुसकीने सुरू झालेले काम धंद्यातल्या स्पर्धेने पुढे नेले, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

१९७८ मध्ये पश्चिम युरोपातील काही देशांनी हेग येथे एक समझोता केला होता. त्याचा भर जहाजावरील राहणीमान आणि कामाच्या परिस्थितीवर होता. तो अमलात येण्याच्या बेतात असतानाच ‘अमोको कॅडिझ’ फुटले. लोकक्षोभ इतका, की सुरक्षितता आणि प्रदूषण हेही विषय घेऊन नवा करार करावा लागला. जानेवारी १९८२ मध्ये १४ देशांनी पॅरिस येथे त्यावर सह्या केल्या. आपल्या बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांपैकी २५ टक्के तपासायची, असे प्रत्येक देशाचे उद्दिष्ट ठरले. यालाच ‘पोर्ट स्टेट कंट्रोल’ म्हणतात.

तपासनीस आधी प्रमाणपत्रे पाहतो, मग जहाजावर फेरी मारतो. जीवरक्षक नौका खाली उतरते का, आगीचा पंप चालतो का, तेलाच्या नोंदवहीतला हिशेब टाक्यांशी जुळतो का, स्वयंपाकघर स्वच्छ आहे का? शंका आली तर तपासणी खोलवर जाते. दोष गंभीर असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत जहाज अडकवून ठेवता येते. मालकाला खरी झळ लागते ती या खोळंब्याची.

तरीही ही चाळणी अपुरी आहे. १२ डिसेंबर १९९९ रोजी माल्टाचा ध्वज लावलेले ‘एरिका’ ब्रिटनीजवळच दोन तुकडे होऊन बुडाले. जहाज जुने होते, पण त्याची कागदपत्रे वैध होती. त्यानंतर युरोपने नियम कडक केले.

आपल्या समुद्रासाठीचा हिंद महासागर करार १९९८ मध्ये झाला. त्याचे सचिवालय गोव्यात आहे. तरी ४ ऑगस्ट २०११ रोजी पनामाचा ध्वज असलेले ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले. सुमारे ६० हजार टन कोळसा घेऊन ते गुजरातेतील दहेजकडे निघाले होते. जहाजावरची माणसे वाचली, पण त्याचे इंधन तेल मुंबई-रायगडच्या किनाऱ्यांवर आले. जे जहाज बंदरात पोहोचलेच नाही, त्याची तपासणी आपले बंदर कसे करणार?

म्हणूनच हे काम एकट्या बंदराचे नाही. आधीच्या बंदराने काय पाहिले, हे पुढच्या बंदराला कळावे, यासाठीच हे प्रादेशिक करार आहेत. एका धक्क्यावर काणाडोळा केलेला गंज दुसऱ्याच गावाच्या वाळूवर येऊन पडतो. अशा जहाजावर पोटासाठी चढलेल्या खलाशाला तर तेवढे अंतरही मिळत नाही.