मोजपट्टीचीच परीक्षा

मराठी अभ्यासकांना हायडेलबर्ग ठाऊक आहे ते खंडोबा आणि धनगरांचा अभ्यास करणाऱ्या गुंथर सोन्थायमर यांच्यामुळे. त्यांची दक्षिण आशिया संस्था ज्या नॉयेनहाइमर फेल्ड भागात होती, तिथेच १९६४ साली स्थापन झालेलं जर्मन कर्करोग संशोधन केंद्र आहे. 'एमआयटीके' हा मुक्तस्रोत साधनसंच या केंद्रातला. स्कॅन पाहण्या-आखण्याचं सॉफ्टवेअर हवे ते भाग जोडून तयार करता यावं, हा त्याचा हेतू. पण माझ्या मते इथलं अधिक मोलाचं काम पुढचं आहे: ही लवचिकता त्यांनी स्कॅन वाचणाऱ्या बुद्धिमान प्रणालींच्या परीक्षेत आणली, आणि तिला शिस्तही लावली.

गरज का पडली, हे एका मोजपट्टीवरून कळतं. ली डाइस या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये दोन जाती किती वेळा एकत्र आढळतात हे मोजायला एक गुणांक सुचवला. पुढे तोच, स्कॅनवर रेखलेली गाठ खऱ्या गाठीशी किती जुळते हे तपासायला सर्रास वापरला जाऊ लागला. समजा, स्कॅनमध्ये १००० ठिपक्यांची एक गाठ आहे आणि १० ठिपक्यांची दुसरी. प्रणालीने मोठी अचूक रेखली, छोटी तिला दिसलीच नाही. डाइस गुणांक येतो ०.९९५. कागदावर जवळजवळ पैकीच्या पैकी, आणि रुग्णाची एक अख्खी गाठ निसटलेली! अशा प्रणालींची तुलना करायला स्पर्धा भरतात; २०१८ मध्ये याच केंद्रातल्या लेना मायर-हाइन आणि सहकाऱ्यांनी त्यांपैकी १५० तपासल्या. मोजमाप किंवा गुणांची बेरीज करण्याची रीत बदलली की विजेताही बदलू शकतो, हे त्यातून दिसलं. क्रमवारी कितपत टिकते हे पारखणारं 'चॅलेंजआर' हे साधन त्यानंतरचं, २०२१चं.

मग उपाय हा, की प्रश्नानुसार मोजपट्टी निवडावी. यावर रास्त आक्षेप असा, की निवडीची मुभा दिली तर जो तो सोयीची मोजपट्टी उचलेल. मुभा मोकाट असती तर तसंच झालं असतं. म्हणूनच २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७०हून अधिक तज्ज्ञांच्या 'मेट्रिक्स रीलोडेड' चौकटीत आधी प्रश्नाची ओळख मांडावी लागते: गाठी किती लहान, एका प्रतिमेत किती, कोणती चूक रुग्णाला महागात पडेल. मोजमाप त्या उत्तरांवरून ठरतं, निकाल पाहून नव्हे. दुसरा आक्षेप जुन्या निकालांशी तुलना तुटण्याचा. ती तुटायचं कारण नाही, कारण डाइस गुणांक कुणी बाद केलेला नाही. यकृतासारखा मोठा अवयव कितपत बरोबर रेखला, हे पाहायला तो आजही चालतो. विखुरलेल्या छोट्या गाठींच्या बाबतीत मात्र आधी किती सापडल्या ते मोजायचं, कडा नंतर.