वाटेवरचा कागद

पैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला सीमा म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या भीमपूरहून उत्तरेला गेले की नदी, आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. सोयरीक दोन्ही काठांवर, बोली एकच, बाजारही एकमेकांचे. नदी मात्र कधी नुसती नदी राहिली नाही. एकेकाळी ती निजामाचे राज्य आणि इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड यांची सीमा होती. १९५६ मध्ये ती आंध्र प्रदेश व मुंबई राज्याची झाली, १९६० मध्ये आंध्र व महाराष्ट्राची, आणि २०१४ पासून तेलंगण व महाराष्ट्राची. काठावरची पाटी इतक्या वेळा बदलली, पण प्रत्येक राजवटीने नदी ओलांडणाऱ्या गाडीवानाला एकच प्रश्न विचारला : "कागद दाखव."

या कागदाचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही. राजांचे तह ग्रंथांतून छापले जातात. गाडीच्या टपाखाली, पुढे ट्रकच्या केबिनमध्ये, घामाने मळलेला कागद मात्र माल पोचला की फेकला जातो. म्हणून त्याची थोडी हकीकत येथे मांडावी असे मनात आले.

आपल्या भागात वाहतुकीचा पहिला मान बंजारा समाजाचा. रेल्वे व मोटारी येण्यापूर्वी धान्य, मीठ आणि कापूस यांची ने-आण बंजाऱ्यांच्या लदेणीच्या बैलांवरून होई. त्यांच्यात परंपरेने चालत आलेली एक कथा आहे. शहाजहानच्या काळात, १६३० च्या सुमारास, वजीर आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे दोन नाईक हजारो बैल घेऊन दक्षिणेत आले. वाटेत बैलांना चारापाणी मिळताना कोणी अडवू नये म्हणून त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट देण्यात आला, असे सांगतात. वऱ्हाडातील इंग्रज पोलीस अधिकारी कंबरलेज याने १८८२ मध्ये बंजारा समाजाची जी माहिती प्रसिद्ध केली, तीतही या परंपरेचा उल्लेख येतो. कथेतला खरेखोटेपणा क्षणभर बाजूला ठेवू. लक्षात घेण्यासारखे हे की, समाजाने शेकडो वर्षे आठवणीत जपलेली वस्तू तलवार नव्हे, तर वाटेवर दाखवायचा परवाना आहे. माल वाहणाऱ्याला शस्त्रापेक्षा त्याचीच गरज अधिक, हे त्या नाईकांना कळले होते.

पेशवाईत अशा परवान्याला दस्तक म्हणत. दस्तक असलेल्याची जकात माफ होई, नसलेल्याला चौकीचौकीवर द्यावी लागे. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याचे नाव होते करोडगिरी. १८०२ च्या व्यापारी तहाने इंग्रज मुलुखातून येणाऱ्या मालावर शेकडा पाच अशी जकात ठरली होती, आणि हैदराबादची ही स्वतंत्र जकात संस्थानाच्या अखेरपर्यंत चालू राहिली. पैनगंगा ही तिची एक कड. अलीकडच्या काठी सरकारी कारभार उर्दूत, आणि गाडी हाकणारा मराठी, तेलुगू किंवा गोंडी बोलणारा. पावती त्याच्या हातात, मजकूर मात्र दुसऱ्याच्या ताब्यात! पाच रुपये लिहिले की सात, हे विचारायचे कोणाला? नाकेदारालाच.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आले आणि ही संस्थानी जकात टप्प्याटप्प्याने संपली. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार व दळणवळण मोकळे असेल, असे वचनही दिले. परंतु विक्रीकर राज्यांच्या हाती राहिला, आणि करोडगिरीच्या चौकीची जागा विक्रीकराच्या तपासणी नाक्याने घेतली. आमच्या बाजूला भोरज, पलीकडे पिंपळखुटी ही नावे हमरस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ झाली. नागपूरहून बंगळूरकडे जाणाऱ्या गाडीला आंध्रात काही उतरवायचे नसले, तरी राज्यात शिरताना ट्रान्झिट पास घ्यावा लागे आणि बाहेर पडताना शेवटच्या नाक्यावर तो परत करावा लागे. परत केला नाही, तर माल राज्यातच विकला असे गृहीत धरून कर मागितला जाई. एका चिटोऱ्यापायी!

या सरकारी कागदांबरोबर चाले तो व्यापाऱ्यांचा कागद, म्हणजे बिल्टी. तीत माल कोणाचा, कोणाला जायचा, नग किती, वजन किती, भाडे किती, हे सारे. खाली कार्बन घालून तिच्या प्रती काढीत. एक पाठवणाऱ्याकडे, एक घेणाऱ्यासाठी, एक ड्रायव्हरपाशी. कार्बनची शेवटची प्रत इतकी फिकट उमटे की, ती वाचण्यापेक्षा ओळखावीच लागे. माल उतरला की घेणारा बिल्टीवर सही-शिक्का करी. तीच पोच. भाड्यातला काही भाग आगाऊ मिळे, उरलेला ही पोच कचेरीत परत आल्यावर. म्हणजे माल उतरला तरी ड्रायव्हरचे ओझे उतरत नसे. त्या एका सहीचे ओझे तो परतीच्या वाटेवर वाहत असे.

माझे मामा ट्रकवर होते. गोष्ट १९८० नंतरच्या दशकातली, मी तेव्हा शाळकरी पोर. केबिनमध्ये सीटमागे त्यांची पत्र्याची पेटी असे, आणि तीत मेणकापडात बांधलेले कागद. आम्हा पोरांना गाडीत कुठेही हात लावायची मुभा होती, त्या पेटीला सोडून. एका पावसाळ्यात टपाचे पाणी पेटीत उतरले, पोच भिजली आणि शिक्क्याची जांभळी शाई पसरून सहीवर गेली. कचेरीतल्या मालकाने ती घेतली नाही. माल नीट पोचला होता, घेणाऱ्याची तक्रार नव्हती, तरी बाकी भाडे अडले. मामा एस.टी.ने शेकडो मैल परत गेले, नवा शिक्का आणला, तेव्हा पैसे हाती पडले. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली खेप धरली, तर त्या फेरीत उरले काहीच नाही. आई म्हणाली, "भाऊ, माल भिजला असता तर परवडलं असतं!" मामा नुसते हसले.

पुढे झेरॉक्स आली, फॅक्स आला. नाका म्हटला की चहाची टपरी तशी झेरॉक्सची टपरी, हे समीकरणच झाले. मग १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकराचे नाके काही दिवसांत बहुतेक राज्यांतून उठले. त्यांच्या जागी आले ते ई-वे बिल. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ते सुरू करायचे ठरले. पण पहिल्याच दिवशी संगणकयंत्रणा कोलमडली. अखेर १ एप्रिलपासून आंतरराज्य वाहतुकीला ते लागू झाले. पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला बारा आकडी क्रमांक घ्यायचा, पहिल्या भागात मालाचा तपशील, दुसऱ्यात गाडीचा नंबर. त्याच वर्षी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन लायसन्स, आर.सी., विमा हे कागद मोबाइलवर दाखवण्यासही मान्यता मिळाली. पोचही आता ड्रायव्हर माल उतरताच फोनवर स्कॅन करून पाठवतो. शाई पसरण्याची भीती गेली. मामा असते तर त्यांनी त्या फोनला मेणकापडात गुंडाळले असते!

मग प्रश्न सुटला काय? थोडा सुटला, थोडा नुसताच काचेआड गेला. मामांना कागद भिजण्याची धास्ती होती. आजच्या ड्रायव्हरला बिलाची मुदत टळण्याची. सुरुवातीला शंभर किलोमीटरला एक दिवस मिळे, २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बिघडली, तर तेवढ्यात मुदत वाढवून घेण्यासाठी मालकाला गाठायचे.

गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री फोन आला. गाडी दूर कुठल्याशा जिल्ह्यात अडवलेली. "सर, इंग्रजीत नोटीस देल्ली. फोटो पाठवतो, काय म्हनते ते वाचून सांगा ना." नोटिशीत लिहिले होते ते असे की, ई-वे बिलावरचा वाहन क्रमांक गाडीशी जुळत नाही. एका आकड्याचा फरक होता. चूक शेकडो मैलांवर संगणकापुढे बसलेल्या कोणा कारकुनाची. दोन रात्री केबिनमध्ये काढल्या याने. मी एका करसल्लागार स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्राच्या परिपत्रकात अशा एक-दोन आकड्यांच्या चुकीसाठी माल अडवून कारवाई करू नये, हजार रुपयांचा किरकोळ दंड घ्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. परिपत्रकाचा क्रमांक मी पोराला कळवला, त्याने तो दाखवला, आणि दुपारी गाडी सुटली. त्याच्या खिशातल्या फोनमध्ये ते परिपत्रक केव्हाही उघडता आले असते. ते आहे, हेच त्याला ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून मला माझ्याच धंद्याची थोडी लाज वाटते. मालगाडीच्या लायसन्सला काही वर्षे आठवी पास ही अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. त्या काळात कितीतरी तरुण शाळेत दाखला मागायला येत. मी सही-शिक्का करून देत असे. ट्रकच्या पेटीतल्या कागदांत एक कागद माझाही होता म्हणायचा! पण दाखला देणे वेगळे, आणि वाचायला शिकवणे वेगळे.

ताम्रपटापासून काचेपर्यंत वाटेवरच्या कागदाची जात बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. कागद लिहिणारा दुसराच असतो, आणि त्यातल्या चुकीची झळ लागते ती वाहून नेणाऱ्याला. म्हणून आता दहावीच्या वर्गात पत्रलेखनाच्या तासाला मी एक बिल्टी आणि एक ई-वे बिल घेऊन जातो. मुले आधी हसतात. मग त्यांतला कोणीतरी, ज्याचा बाप गाडीवर आहे, हळूच म्हणतो, "सर, हे आमच्या घरी आहे." त्यालाच मी पुढे बोलावतो आणि सांगतो, "वाच."