निर्दोष दिसणारा वळू

गाय वारंवार उलटू लागली की दोष तिच्याच माथी येतो. ती भाकड ठरते आणि बाजाराची वाट धरते. ज्या वळूकडे तिला नेले तो मात्र धष्टपुष्ट, तुकतुकीत. त्याच्याविषयी शंका कोण घेणार? या समजुतीला शास्त्राने कसा धक्का दिला, ते आज सांगावयाचे आहे.

१९१८ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांना गाभडलेल्या गाईंच्या गर्भांत स्वल्पविरामासारखा वाकडा एक जंतू आढळला. पुढील वर्षी त्याला ‘व्हिब्रिओ फीटस’ हे नाव मिळाले. १९६३ साली त्याच्यासाठी ‘कॅम्पिलोबॅक्टर’ ही नवी प्रजाती कल्पिण्यात आली. जंतू सापडला, पण गाईंच्या उलटण्याचे कोडे सुटावयास १९४९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हॉलंडमधील श्योलेमा, स्टेखेंगा व टेर्पस्ट्रा या संशोधकांनी दाखवून दिले की, हा जंतू संयोगाच्या वेळी वळूकडूनच गाईकडे जातो आणि तिचा गर्भ टिकू देत नाही.

मग वळू स्वतः आजारी का पडत नाही? याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. त्याच्या जननेंद्रियावरील त्वचेच्या अस्तरात बारीक खळगे असतात आणि वयाबरोबर ते खोल होत जातात. जंतू तेथे वरवर वस्ती करतो, आतील पेशीजालात शिरत नाही. साहजिकच शरीराचे संरक्षक दल जागे होत नाही. शत्रू ओसरीवरच बसून राहिला, तर माजघरातील माणसांना त्याची चाहूल कशी लागावी? म्हणून मोठ्या वयाचा वळू वर्षानुवर्षे रोग वाहत राहतो.

गाईचे तसे नाही. तिच्या योनिमार्गात व गर्भाशयात जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. काही जंतूंना जखडतात, काही भक्षक पेशींना साहाय्य करतात. काही महिन्यांत बहुतेक गाई पुन्हा गाभण राहू शकतात. जिला आपण वांझ म्हणून हाकलले, तीच रोगाशी झुंजत होती!

जे निसर्गाने वळूला दिले नाही, ते लशीने देण्याचे प्रयत्न पुढे झाले. ऑस्ट्रेलियात १९६८ साली व बेल्जममध्ये १९७३ साली वळूंना लस टोचण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लशीमुळे रक्तात वाढलेली प्रतिद्रव्ये पाझरून त्या अस्तरापर्यंत पोचतात आणि अनेक वळू जंतुमुक्त होतात.

कृत्रिम रेतनात एका वळूचे रेत हजारो गाईंपर्यंत जाते. १९५२ साली केंब्रिज येथे पोल्ज व रोसन यांनी गोठविलेल्या रेताने गाई गाभण करून दाखविल्या. परंतु गोठविल्याने हा जंतू मरतोच असे नाही. यास्तव वळूची तपासणी करून रेतात प्रतिजैविक औषधे मिसळणे अगत्याचे ठरले.

तेव्हा गाय उलटली तर तिला विकण्यापूर्वी वळूचीही तपासणी करून घ्यावी. तुकतुकीत कांती हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे.