तांबड्या पेशीवरची खुंटी

शेगावात गजानन महाराजांच्या दर्शनबारीत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक भाविकाच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचे प्रथिन असते. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर ते नसते. व्हायव्हॅक्स हिवताप भारतात ठाण मांडून आहे आणि तिकडे विरळ, त्याचे मूळ या फरकात आहे. १९५० साली इंग्लंडमध्ये अनेकदा रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णात अनोळखी प्रतिपिंड सापडले आणि त्या रुग्णाचे ‘डफी’ हे आडनाव नव्या रक्तगटाला मिळाले. १९७६ साली लुई मिलर यांच्या गटाने १७ स्वयंसेवकांचे रक्त तपासले. व्हायव्हॅक्स वाहणारे डास चावूनही ज्या पाच जणांच्या रक्तात संसर्ग झाला नाही, ते पाचही डफीविरहित होते. पुढे चेतन चिटणीस आणि मिलर यांनी १९९४ मध्ये व्हायव्हॅक्स परजीवीच्या प्रथिनातला डफीला पकडणारा भाग दाखवला. परजीवी जिला धरून पेशीत शिरतो, ती डफीची खुंटी मुळात त्याच्यासाठी नव्हतीच. दाहाचे निरोप नेणारे केमोकाइन रेणू तिला चिकटतात, हे १९९३ मध्ये कळले होते. परजीवीने ती फुकटात वापरली.

खरा वाद पुढचा आहे. आफ्रिकेतली खुंटी व्हायव्हॅक्सनेच घालवली, की ती आधीच गेलेली असल्याने तिथे व्हायव्हॅक्स रुजलाच नाही? मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टन दुसऱ्या बाजूचे. व्हायव्हॅक्स फारसा मारत नाही, मग नैसर्गिक निवड कशी होईल, हा या बाजूचा बिनतोड वाटणारा प्रश्न. मला तो पटत नाही. पुन्हा पुन्हा उलटणारा ताप रक्त आटवतो, गरोदर बाईच्या बाळाचे वजन घटवतो. पिढ्यान्‌पिढ्या एवढे पुरते. शिवाय १९९५ मध्ये दिसले की जनुकातले एकच अक्षर बदलून हे प्रथिन फक्त तांबड्या पेशींत बंद पडते, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शाबूत राहते. हल्ला जिथे होतो, नेमके तेवढेच दार लागले. हा योगायोग मानायला मी तयार नाही. त्यात आफ्रिकेतल्या चिंपांझी-गोरिलांत व्हायव्हॅक्सचे जवळचे भाऊबंद २०१४ पर्यंत सापडले, म्हणजे शत्रू तिथलाच, जुना. मादागास्करात २०१० मध्ये डफीविरहित माणसांतही व्हायव्हॅक्स आढळला, हा आक्षेप खरा. पण त्यातून परजीवीची नवी वाट दिसते, जुना अडसर खोटा ठरत नाही.

मग भारतात हा बदल का नाही? माझा अंदाज असा, की इथे अर्धीच तोड निघाली. डफीच्या ‘ए’ आणि ‘बी’ रूपांत ४२व्या जागचे एकच अमिनो आम्ल वेगळे आहे. ‘ए’ला परजीवी कमी घट्ट धरतो आणि आशियात ‘ए’चेच प्रमाण जास्त आहे.