खरखर घालवणारा माणूस



गावाला आजोबांकडे एक ट्रान्झिस्टर होता. सातच्या बातम्या लागल्या की घरात कोणी हूं की चूं करायचं नाही. पण पावसाळ्यात वीज चमकली की बातम्या खरखरीत बुडून जायच्या. शेजारी मिक्सर लागला तरी तेच. "मिडियम वेव्ह आहे, खरखर असायचीच," असं आजोबा म्हणायचे. गंमत म्हणजे १९२०-३० च्या दरम्यान अमेरिकेतल्या भल्याभल्या इंजिनियरांचं मतही साधारण हेच होतं. न ऐकणारा एक जण निघाला, एडविन आर्मस्ट्राँग.

आज तो आठवला कारण मी न्यू जर्सीत राहतो आणि पॅलिसेड्स पार्कवेवरून जाताना अल्पाइन गावापाशी तीन आडव्या दांड्यांचा एक जुना मनोरा दिसतो. कित्येक वर्षं मी तो मोबाइल कंपनीचाच समजत होतो. तो आर्मस्ट्राँगने १९३७-३८ च्या सुमारास स्वतःच्या खिशातून बांधला. एफएमचं पहिलं मोठं केंद्र तिथून चालायचं.

थोडं तांत्रिक, कंटाळू नका. जुन्या पद्धतीत, म्हणजे एएममध्ये, आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमीजास्त करतात. वीज किंवा मोटरची ठिणगीसुद्धा लहरीच्या उंचीतच भर घालते. मग गाणं कुठलं आणि ठिणगी कुठली, हे रेडिओला कळणार कसं? एफएममध्ये उंची कायम ठेवतात आणि लहरीची वारंवारता मागेपुढे हलवतात. आवाज जितका मोठा तितकी ती लांब सरकते. आवाजाची पट्टी जितकी वरची तितक्या जास्त वेळा सेकंदात हेलकावते. रेडिओ आधी लहरीची टोकं छाटून सगळी उंची सारखी करतो आणि मग फक्त वारंवारतेतला बदल वाचतो. खरखर बरीचशी त्या छाटणीतच जाते.

एफएमची कल्पना काही आर्मस्ट्राँगची नव्हे. १९२२ साली एटी अँड टीच्या जॉन कार्सनने गणित मांडून दाखवलं होतं की एफएमने चॅनेलची रुंदी वाचत नाही. तेव्हा सगळ्यांना चॅनेल अरुंद करायचं होतं, त्यामुळे विषय तिथेच मिटला. गणित बरोबरच होतं हो! पण प्रश्न रुंदी वाचवण्याचा होता, खरखरीचा नव्हता. आर्मस्ट्राँगने उलटं केलं. चॅनेल भरपूर रुंद केलं. खरखर वारंवारतेलाही थोडा धक्का देतेच, पण मूळ हेलकावाच मोठा असला की तो धक्का किरकोळ ठरतो. आजही एफएम केंद्राची लहर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ सरकते आणि आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतचा जातो. दोन्हींची बेरीज करून दुप्पट केली की १८० किलोहर्ट्झ रुंदी लागते. आपल्यातले इलेक्ट्रॉनिक्सवाले ओळखतील, हाच 'कार्सन्स रूल'! थर्ड इयरच्या ओरलला मी तो घडाघडा म्हणून दाखवला होता. हा तोच कार्सन, हे मात्र कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

२६ डिसेंबर १९३३ ला आर्मस्ट्राँगला पेटंटं मिळाली. आरसीएचा प्रमुख डेव्हिड सार्नॉफ त्याचा जुना मित्र. त्याने एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये चाचण्यांना जागा दिली. गडगडाटातही आवाज स्वच्छ येत होता. पण १९३५ मध्ये टेलिव्हिजनसाठी जागा हवी म्हणून सामान हलवायला सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्मस्ट्राँगने न्यूयॉर्कमध्ये इंजिनियरांच्या सभेत प्रयोग दाखवला. योंकर्सला एका हौशी मित्राच्या घरी पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगळला, आणि सभेत ते जसंच्या तसं ऐकू आलं.

पुढची गोष्ट कोर्टाची. १९४० मध्ये आरसीएने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या रॉयल्टी भरतात मग तुम्हीही भरा, असं म्हणून याने नकार दिला. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून ८८-१०८ वर नेला आणि आधी विकलेले सगळे सेट निकामी झाले. टेलिव्हिजनच्या आवाजासाठीही एफएमच वापरत होते. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर दावा लावला. तो रेंगाळत राहिला, पेटंटांची मुदत संपली, पैसा संपला, संसार मोडायला आला. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने आपलं आयुष्य संपवलं.

त्याची बायको मॅरियन, जी लग्नाआधी सार्नॉफचीच सेक्रेटरी होती, तिने मात्र खटले सोडले नाहीत. आरसीएशी त्याच वर्षी तडजोड झाली, सुमारे दहा लाख डॉलरवर. म्हणजे १९४० चाच आकडा! शेवटचा खटला, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये संपला. तोही तिने जिंकला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नोकरी लागताना 'माझे शोध कंपनीचे' अशा कागदावर न वाचता सही केली असेल. मीही केली आहे. आर्मस्ट्राँगचा हट्ट शहाणपणाचा होता असं म्हणवत नाही, पण तो मूर्खपणा होता असंही म्हणवत नाही.

असो. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी तात्पुरता आसरा घेतला तो याच अल्पाइनच्या मनोऱ्यावर. आता तिथून जाताना मी गाडीतला एफएम लावतो. खरखर येत नाही. आजोबांना ऐकवायला हवं होतं.

चूभूद्याघ्या.