किल्लारीचे शेजारी

तात्यापारा या नावातच शेजार आहे; तात्या मराठी आणि पारा छत्तीसगडी. रायपूरच्या या वस्तीत काय किंवा परप्रांतातील अशा दुसऱ्या कोणत्याही वस्तीत काय, नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींस भूकंप म्हटला की दोन गावे आठवतात. पहिले जबलपूर. 22 मे 1997 रोजी पहाटे ते हादरले, तेव्हा ते आणि रायपूर एकाच मध्य प्रदेशात होते. तेथे सुमारे 40 माणसे दगावली. उन्हाळ्यामुळे पुष्कळ लोक उघड्यावर निजले होते, म्हणून संख्या त्याहून वाढली नाही. दुसरे गाव किल्लारी. ते रायपूरपासून बरेच लांब खरे, परंतु संकटात शेजारी म्हणजे नेमके कोण, या प्रश्नाचे उत्तर तेथे जितके स्पष्ट सापडते तितके अन्यत्र क्वचितच.

29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे निजली, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूमी हादरली. सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे जवळजवळ नामशेष झाली. शास्त्रज्ञांच्या मोजणीने हा धक्का मध्यम प्रतीचा होता. त्याने एवढा संहार केला तो घरांच्या बांधणीमुळे. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवद. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर पडे आणि पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढत जाई. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आले. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या झोपड्यांतील गरीब मात्र पुष्कळ ठिकाणी वाचले. ज्याचा वाडा भक्कम त्याचीच हानी मोठी, असा हा उफराटा न्याय होता. हा सारा टापू तोवर सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानलेला होता. त्याचा वरचा वर्ग लागला तो 2002 साली.

पहिले काही तास मदतीस होते ते वाचलेले गावकरी आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे. ज्या हातांनी आदल्या रात्री मूर्ती विसर्जित केली, त्याच हातांनी दगड उपसले. पुढे सैन्य आले, लातूर-सोलापूरचे दवाखाने जखमींनी भरले, देशातून आणि परदेशांतून साहाय्य येऊ लागले. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. या कार्यास आम्ही मोठे मानतो, कारण मूल आणून सांभाळणे हे पैसे पाठविण्याएवढे सोपे नव्हे.

त्यानंतर आली पुनर्वसनाची वर्षे. आमच्या वाचकांपैकी अनेकांचा जन्म कचेरीत गेला असल्याने त्यांना या भागाचे विशेष वाटेल. जागतिक बँकेच्या कर्जातून आखलेल्या योजनेत उद्‌ध्वस्त गावे नव्या जागी हलविण्याचे ठरले आणि दानशूर संस्थांनी त्यांपैकी अनेक दत्तक घेतली. घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या धारणेवरून ठरले : अल्पभूधारक व भूमिहीनांस 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस 400, मोठ्यांस 750. हिशेब चोख होता. कागदावर त्यास नाव ठेवण्यास जागा नाही. परंतु नवी गावे सरळ रस्त्यांच्या चौकटीत जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरली, आणि भिंतीस भिंत लावून राहणारी भावकी चार दिशांस गेली. आळी गेली, ओसरी गेली. घर मिळाले आणि शेजार हरवला, अशी तक्रार तेथे पुढे वारंवार ऐकू आली. ती अगदीच अनाठायी होती असे आम्हांस वाटत नाही.

जी गावे पडली नव्हती, केवळ तडकली होती, त्यांची कथा मात्र निराळी झाली. सुमारे दोन लाख घरांची डागडुजी आणि मजबुती मालकांनी स्वतः, सरकारी अनुदानातून, करावयाची होती. अभियंते थोडे, गावे अनेक. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत स्त्रियांना संवाद साहाय्यक म्हणून नेमले. हप्ता केव्हा मिळतो आणि कोणत्या कामासाठी, भिंतीचे दोन थर एकमेकांस बांधणारा आडवा दगड कोठे बसवावयाचा, हे त्या घरोघर समजावून सांगत. माळवदावरची माती उतरवावयास म्हाताऱ्या सासऱ्यास राजी करणे हे काही अभियंत्याच्या आवाक्यातले काम नव्हते. ते सुनांनी केले. बाहेरून केवळ पैसा आणि ज्ञान आले, हात गावाचेच राहिले.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छची भूमी हादरली. तेव्हा मराठवाड्यातील या स्त्रिया गुजरातेत गेल्या. कच्छी-गुजराती त्यांना येत नव्हती. नऊवारी नेसलेल्या, जेमतेम शिकलेल्या अशा त्यांच्यात काही होत्या. पडलेल्या घरांच्या अंगणात बसून त्यांनी तेथल्या बायांना आपल्या गावची हकीकत सांगितली : सरकारी अधिकाऱ्यास काय विचारावे, ठेकेदारावर घर सोपवून का मोकळे होऊ नये, पाया खणताना कोणी उभे राहावे. पुढे 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोळी स्त्रियांकडे लातूरच्या आणि कच्छच्या बाया बरोबरच गेल्या.