हरवलेला इंटरप्ट

डिस्क, नेटवर्क कार्ड किंवा टायमर यांनी दिलेली वर्दी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलपर्यंत न पोचण्याची स्थिती. काम झालेले असते. पण त्याची वाट पाहणारा प्रोग्राम तसाच खोळंबून राहतो आणि वापरणाऱ्याला यंत्र अडकल्यासारखे वाटते.

मूळ संकेताच्या स्वरूपात आहे. आयएसए बसवरचा इंटरप्ट ‘एज’ पद्धतीचा, म्हणजे तारेवरचा व्होल्टेज बदलतो त्या क्षणापुरता. इंटेलच्या 8259 नियंत्रकात प्रलंबित मागणीसाठी प्रत्येक तारेला एकच बिट असतो. तार बंद ठेवलेली असताना दोन वर्द्या आल्या तर हाती एकच लागते. म्हणून एका इंटरप्टमागे एकच काम असे हँडलरने धरू नये; उपकरणापाशी काही शिल्लक आहे तोवर उपसत राहावे. पीसीआयच्या ‘लेव्हल’ पद्धतीत उपकरणाची दखल घेईपर्यंत संकेत टिकतो, त्यामुळे तो सहसा हरवत नाही. नंतरचा एमएसआय, म्हणजे संदेशाच्या रूपात येणारा इंटरप्ट, पुन्हा एजसारखाच वागतो, आणि जुनी सावधगिरी परत आवश्यक ठरते.

सर्वांत फसवी फट ड्रायव्हरमध्येच असते. लिनक्सची एनएपीआय यंत्रणा गर्दीच्या वेळी नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट बंद करून पॅकेट स्वतः उचलते आणि रांग संपली की तो पुन्हा चालू करते. रांग रिकामी दिसणे आणि इंटरप्ट चालू होणे, यांच्या मधल्या निमिषात पॅकेट आले तर काही कार्डे त्याची वर्दी देतच नाहीत. उपाय क्रमात आहे: आधी इंटरप्ट चालू करावा, मग रांग पुन्हा एकदा पाहावी. हा क्रम चुकला तर दोष चाचणीत सापडत नाही, भर गर्दीत उघडा पडतो.

टायमरच्या वर्द्या हुकल्या आणि कर्नेल त्याच मोजत बसले, तर घड्याळ मागे पडते. त्यामुळे आजचे कर्नेल सतत चालणारा हार्डवेअर गणक वाचून मधला वेळ भरून काढते.

एवढ्यावरही वर्दी चुकतेच, तेव्हा मुदत कामी येते. लिनक्समध्ये एनव्हीएमई डिस्कसाठी ती एरवी 30 सेकंद असते. मुदत उलटताच ड्रायव्हर डिस्क रीसेट करायला धावत नाही. पूर्ण झालेल्या कामांची रांग आधी स्वतः तपासतो. काम झालेले आढळले तर ‘टाइमआउट, कम्प्लिशन पोल्ड’ अशी ओळ नोंदवून पुढे जातो. ही रीत योग्यच आहे, कारण इंटरप्ट ही नुसती सूचना. खरी स्थिती उपकरणाकडूनच कळते. ‘आयआरक्यूपोल’ पर्याय दिल्यास कर्नेल टायमरच्या दर ठोक्याला सगळे हँडलर चालवून पाहते. त्याने वेग घटतो, म्हणून तो निदानापुरताच वापरावा.

वरील ओळ नोंदींमध्ये वारंवार दिसू लागली तर फर्मवेअर आणि ड्रायव्हर तपासावेत. मुदत कमी-जास्त करून मूळ दोष जात नाही.